घड्याळाच्या चाकांचा सर्व्हो

मार्तंड अष्टेकरांचा कुणावर म्हणून विश्वास बसत नसे आणि याला ते अनुभव म्हणत. दूधवाल्यानं माप घातलं की ते दूध घरच्या भांड्यात पुन्हा मोजून बघत. पोस्टमनला पत्रांचा गठ्ठा दुसऱ्यांदा चाळायला लावत. बायकोनं, इंदूनं, आमटीत मीठ घातलंय म्हणून सांगितलं तरी आधी चमचा पुढं येई. नगरच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण वर्गातल्या वीस पोरांनी एकच उत्तर काढलं, तर ते उत्तर बरोबर असेल हे त्यांच्या डोक्यात येतच नसे. कुणीतरी कुणाचं तरी बघितलंय, हे मात्र लगेच येई.

अशा माणसाच्या हाताखाली देवानं मच्छिंद्र दरंदलेला आणून ठेवलं. मच्छिंद्र शनिशिंगणापूरचा. तिथं घरांना दारं नाहीत हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. त्यामुळं कुलूप ही वस्तू त्यानं पलटणीत गेल्यावर पहिल्यांदा हाताळली आणि ती लावायची सवय काही त्याला कधी लागली नाही. पलटणीत सहा वर्षं वायरलेसचे सेट दुरुस्त करून तो परत आला आणि कॉलेजात हंगामी मेकॅनिक म्हणून लागला. हंगामी म्हणजे उन्हाळ्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. अशी तीन वर्षं झाली होती.

त्यात ते त्र्याहत्तर साल. पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलेलं, विहिरी तळाला गेलेल्या. मच्छिंद्रची बायको रतनबाई नगरजवळच्याच दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, धाकटं पोर तिथंच लिंबाच्या सावलीत झोळीत टाकून. प्राचार्यांनी मच्छिंद्रला बोलावून सांगितलं होतं, "फेब्रुवारीच्या प्रदर्शनात तुझी गाडी नीट पळू दे. त्यानंतरच्या बुधवारी समिती बसते आहे. कायमच्या जागेसाठी तुझं नाव मी ठेवतो." मच्छिंद्र कायम झाला की रतनबाईच्या हातातला हातोडा सुटणार होता. एवढं सारं त्या एका गाडीवर टांगलेलं होतं.

गाडी म्हणजे हातभर लांबीची शर्यतीची मोटार, बॅटरीवर पळणारी आणि वायरलेसवर वळणारी. आपण लांब उभं राहायचं, हातातल्या पेटीची दांडी डावीकडे ढकलली की गाडी डावीकडे, उजवीकडे ढकलली की उजवीकडे. मध्ये ना तार ना दोरी. प्रदर्शनाच्या दिवशी जिमखान्याच्या मैदानावर अशा तीन गाड्यांची शर्यत ठरली होती. एक पुण्याच्या पोरांची, एक छावणीतल्या निवृत्त मेजरसाहेबांची आणि एक आपल्या कॉलेजची. पहिल्या दोघांकडं चाकं वळवणारी डबी परदेशातून आलेली होती. तिला सर्व्हो म्हणतात. आपल्या कॉलेजला तसली डबी कोण मंजूर करतो! खडूच्या खोक्याला दोन सह्या लागत होत्या.

म्हणून मच्छिंद्रनं सर्व्हो हातानं केला. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटार घेतली, गजराच्या घड्याळातली दात्यांची चाकं घेतली. गाडीची चाकं नेमकी किती वळली हे मोटारीला कळायला हवं, त्यासाठी रेडिओत असतो तसला व्हॉल्यूम कंट्रोल बसवला. वरून बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण. या सगळ्याला तो कासरा म्हणायचा. "बैल किती का चांगला असंना सर, कासरा कच्चा आसला की गाडी वढ्यात," असं म्हणून हसायचा. अष्टेकर हसत नसत. घड्याळाची चाकं आणि बिस्किटाचा पत्रा यांच्या भरवशावर कॉलेजची अब्रू मैदानात न्यायची, हेच त्यांना मुळात पटत नव्हतं.

शर्यत रविवारी होती. आधीच्या गुरुवारी सरावात गाडी दोनदा आपली आपण डावीकडे झटकली. दांडी सरळ धरलेली असताना! मच्छिंद्रनं गाडी उलटी केली, मान घालून बघितलं आणि संध्याकाळपर्यंत खुडबुड करून सांगितलं, "तार सैल हुती सर. बॅटरीच्या स्क्रूखालची. बसवली नीट. त्यानंतर पन्नास चकरा मारल्या, एकदाबी झटकली न्हाई."

"पन्नास?" अष्टेकरांनी विचारलं.

"व्हय. मोजल्या की."

मोजल्या म्हणे. अष्टेकरांच्या मनात लगेच किडा वळवळला. बिघाड झाला की मेकॅनिक लोक तारेवर ढकलतात, तार बिचारी बोलत नाही. खरा बिघाड त्या डबीत असणार आणि हा पठ्ठ्या तो झाकतोय. शुक्रवारी मच्छिंद्र जेवायला गेल्यावर त्यांनी पत्र्याचं झाकण काढून आत बघितलं. मोटार ठीक, चाकं ठीक. पण व्हॉल्यूम कंट्रोल? जुनापुराणा, काळवंडलेला, कुठल्या तरी लष्करी भंगारातून आलेला. अंगावर गंज, शिक्का अर्धा पुसलेला.

आता गंमत बघा. नव्या व्हॉल्यूम कंट्रोलसाठी मागणीपत्रावर अष्टेकरांनीच सही केली होती. तो पुण्याहून आला होता, बंद पाकिटात. स्टॉक रजिस्टर उघडलं तर तिथं मच्छिंद्रची ठसठशीत सही, माल मिळाला म्हणून. माल मिळाला, तर मग गेला कुठं? बाजारात कुणाच्या रेडिओत? अष्टेकरांना एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं. दार नसलेल्या गावचा साधू! नवा माल खिशात आणि कॉलेजच्या गाडीत भंगार. खाण तशी माती म्हणायची सोय नाही इथं, खाण तर म्हणे सोन्याची!

त्यांनी मच्छिंद्रला सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण संशयी माणूस विचारत नसतो. विचारलं तर चोर सावध होतो ना! घरी जाऊन त्यांनी इंदूला सांगितलं. तिनं तव्यावरची पोळी उलटत म्हटलं, "अहो, विचारा ना त्याला. तीन वर्षांत त्यानं तुमची टाचणी तरी इकडची तिकडे केलीय का?"

"तेच तर. इतका सरळ माणूस असतो का कुठं?"

इंदूनं कपाळाला हात लावला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

शनिवारी मच्छिंद्र नेहमीप्रमाणे दुपारच्या एसटीनं गावी गेला. शनिवार त्यानं कधी चुकवला नव्हता. देवाला तेल घालून, मुक्कामाला राहून रविवारी सकाळी तो परस्पर मैदानावर येणार होता. जाताना गाडी टेबलावर आणि हत्यारांची पेटी टेबलाखाली, दोन्ही उघडी. अष्टेकरांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि पेटी उपसली. तळाशी, मऊ फडक्यात गुंडाळलेलं, ते पाकीट निघालं. फोडलेलं, आणि आत नवाकोरा, चकचकीत व्हॉल्यूम कंट्रोल.

"सापडला," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू! चोर सापडल्याचा आनंद माणसाला चोरी टळल्यापेक्षा जास्त होतो. हा सोमवारी विकायला जाणार होता, यात त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. चारचौघांत तमाशा करण्यापेक्षा आपणच आपल्या हातानं नवा माल बसवू, उद्या गाडी सरळ पळेल, मग सावकाश बघू याच्याकडं, असा त्यांनी बेत केला. हात चांगला होता त्यांचा. तीन तारा सोडवल्या, जुना व्हॉल्यूम कंट्रोल काढून कोटाच्या खिशात टाकला, नवा बसवला आणि कथलाची झाळ मारली.

मग पेटीची दांडी हलवून बघितली. चाकं डावीकडे वळली, उजवीकडे वळली. डावीकडे जरा कमी वळत होती, उजवीकडे जरा जास्त. मच्छिंद्रच्या घड्याळाचे दाते झिजले असणार, असा त्यांनी निकाल दिला आणि चाकं सरळ दिसेपर्यंत स्क्रूवरची पट्टी थोडी फिरवून ठेवली. झाकण लावलं, पाकीट फडक्यात होतं तसं परत ठेवलं, हात धुतले. गाडी जमिनीवर ठेवून एक चक्कर मारायला काय हरकत होती? पण नवीन माल, त्यात पुण्याहून आलेला. नवीन मालावर मात्र या गृहस्थाचा आंधळा विश्वास!

रविवारी जिमखान्यावर ही गर्दी. चुन्याचे पट्टे मारलेले, वळणावर रिकामी पिंपं ठेवलेली. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब, पांढऱ्याशुभ्र धोतरात, पाय पसरून बसलेले. मच्छिंद्र एसटीतून उतरून तसाच धावत आला होता, कपाळावर तेलाचा डाग, हातात नारळाच्या प्रसादाची पुडी. त्यानं गाडी उचलली, पेटी घेतली, दांडी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे केली. त्याचा हात थांबला. पुन्हा तसंच केलं, अगदी हळू, मान तिरकी करून, चाकांकडं बघत.

"सर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "कुनी हात लावलाय का डबीला?"

अष्टेकरांचा हात कोटाच्या खिशावर गेला. पण लगेच मनातला वकील उभा राहिला. बघा, चोराला कळलं! आता हा कांगावा करणार.

"कोण लावणार?" ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडं असते."

"मग उघडून बघतो दोन मिनिटं. चाल येगळी लागतीय."

तेवढ्यात पंचांनी शिट्टी फुंकली आणि गाड्या रेघेवर आणा म्हणून हाकारलं. मच्छिंद्रनं एकदा डबीकडं बघितलं, एकदा अष्टेकरांच्या तोंडाकडं बघितलं. "तुमी न्हाई म्हनता तर न्हाईच लावला कुनी," असं म्हणून त्यानं गाडी रेघेवर ठेवली. अष्टेकरांना त्या क्षणी बोलता आलं असतं. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला.

गाड्या सुटल्या. पहिला सरळ पट्टा आपली गाडी मेजरसाहेबांच्या गाडीला चिकटून होती आणि पोरांनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. पहिलं वळण डावीकडचं. दांडी पार कडेला रेटली तरी गाडी जेमतेम वळली, पिंपाला घासून गेली. दुसरं वळण उजवीकडचं. त्यानं सवयीनं दांडी बोटभर हलवली आणि चाकं एकदम पार आडवी झाली. भर वेगात होती गाडी! गिरकी खाऊन ती उलटली, चुन्याची रेघ ओलांडून घसरत गेली आणि थेट आप्पासाहेबांच्या पायांवर आदळली. बॅटरीचं झाकण उडालं आणि आतलं तेजाब धोतरावर सांडलं.

आप्पासाहेब टुणकन उडी मारून उभे राहिले. धोतराला डोळ्यांदेखत भोकं पडायला लागली, कुणीतरी पाण्याची बादली आणून ओतली, पोरं खिदळली आणि अध्यक्षांचा जो पारा चढला तो उतरेना. "हाच का तो माणूस, ज्याला कायम करायचाय?" ते प्राचार्यांवर ओरडले. "घड्याळाची चाकं लावतो मोटारीला! उद्या प्रयोगशाळा पेटवील!" मच्छिंद्र हात जोडून उभा होता. पायाला लागलं तर नाही ना, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता.

दुपारी प्रयोगशाळेत दोघंच होते. मच्छिंद्रनं झाकण काढलं. आतला चकचकीत व्हॉल्यूम कंट्रोल आणि ताजी झाळ त्यानं बराच वेळ बघितली. पेटीतलं फडकं काढलं, रिकामं पाकीट बघितलं. अष्टेकर खिडकीपाशी उभं राहून, रजिस्टरातली सही पुढं करायची तयारी मनात करत होते. आता हा भांडणार, मग आपण विचारू, पाकीट लपवलं होतंस कशाला?

मच्छिंद्र भांडला नाही. व्हॉल्यूम कंट्रोलची दांडी चिमटीत धरून फिरवत म्हणाला, "ह्यो आवाजाचा हाय, सर. कानाला आवाज एकसारखा वाढतोय आसं वाटावं म्हनून ह्याची चाल पहिल्यांदा लई हळू आन मागनं एकदम. रेडिओला ते बरूबर हाय. पन कासऱ्याला एकसारखी चाल लागती. आदी ह्योच लावून बघितला हुता मी. जमंना. तवा आपल्या पलटनीच्या जुन्या सेटातला काढून लावला, तो एकसारखा चालतो. ह्यो कोरा हाय, कुनाच्या तरी रेडिओला कामाला यील म्हनून जपून ठिवला हुता. रजिस्टरात परत जमा करायचा राहिला." मग म्हणाला, "तुमाला आदी सांगायला पायजे हुतं. माजंच चुकलं."

बस्स. कोणी बदलला, हे त्यानं विचारलंच नाही. अष्टेकरांच्या कोटाच्या खिशात जुना व्हॉल्यूम कंट्रोल होता, तो त्यांच्या बोटांना लागत होता. त्यांना लाज वाटली, खोटं कशाला बोलू, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण लाज त्या मनात फार वेळ टिकत नसे. घरी पोचेपर्यंत तिच्या जागी प्रश्न उभा होता: यानं विचारलं का नाही? याच्या मनात काय आहे?

सोमवारी त्यांनी मच्छिंद्रला प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडताना बघितलं. झालं! चुगली केली. मंगळवारी तो शिपाई छगनशी व्हरांड्यात बोलत होता आणि अष्टेकर दिसताच दोघं गप्प झाले. म्हणजे साक्षीदार जमवतोय. अष्टेकरांना रात्री झोप लागली नाही. आपल्याला बोलावणं येणार, समितीसमोर हा आपलं नाव घेणार, वीस वर्षांची नोकरी, लोक काय म्हणतील? त्यांनी कागद घेऊन मुद्दे काढले. मागणीपत्राचा दिनांक, रजिस्टरातली सही, पेटीतलं पाकीट. माल परत जमा केलेला नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अपहारच. इंदूनं विचारलं, "सांगून टाका ना प्राचार्यांना, की मी बदलला. फाशी देणार आहेत का?" ते तिच्यावर खेकसले.

बुधवारी समिती बसली. अष्टेकर दिवसभर प्रयोगशाळेत कान टवकारून बसून होते. दर पावलाला वाटे, छगन आला बोलवायला. कुणी आलं नाही. मच्छिंद्र समोर बसून विद्यार्थ्यांचे मीटर पुसत होता आणि अधूनमधून मान वर करून त्यांच्याकडं बघत होता. नुसतं बघत होता. बघ किती बेरकी आहे, असं अष्टेकर मनात म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांचा धीर सुटला. यानं काही करण्याआधी आपणच तक्रार केलेली बरी, म्हणून ते रजिस्टर काखेत मारून प्राचार्यांच्या खोलीत शिरले. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"या. आज आलात?"

"आज म्हणजे?"

"मच्छिंद्र सोमवारी येऊन गेला. म्हणाला, गाडीत काय झालं ते मी सांगणार नाही, सर स्वतः येऊन सांगतील. मी म्हटलं, मग त्यांनाच बोलावतो. तर हात जोडले त्यानं. म्हणे, बोलावू नका, बोलावलं तर ते बोलावलं म्हणून सांगतील, तसं नको. ते आपण होऊन येतात. बुधवारपर्यंत तेवढं थांबा. मंगळवारी छगनलाही बजावून गेला, सर आले तर अडवू नकोस, आत सोड." प्राचार्यांनी समोरचा कागद सरकवला. "काल आप्पासाहेब हटूनच बसले होते. त्यांना सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. मी पाचपर्यंत ताटकळत ठेवलं त्यांना. मग श्रीगोंद्याच्या एका पोराचं नाव पक्कं झालं. काय सांगणार होतात तुम्ही?"

अष्टेकरांनी काखेतलं रजिस्टर टेबलावर ठेवलं. त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, शनिवारपासून 'कोण लावणार' पर्यंत. प्राचार्य ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "काल का नाही आलात हो?"

प्रयोगशाळेत मच्छिंद्र खाली मान घालून एका मीटरचा काटा सरळ करत होता. अष्टेकर दारातच उभे राहिले. या माणसासमोर बसायची त्यांची छाती झाली नाही.

"मी सांगून आलो," ते म्हणाले. "प्राचार्यांना. आत्ता."

"आत्ता व्हय?" मच्छिंद्रनं काटा सोडला आणि हात फडक्याला पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच अष्टेकरांना सोसेना. "बरं झालं सांगितलं. जिवाला हलकं वाटंल तुमच्या."

"मच्छिंद्र, मी आप्पासाहेबांकडं जातो. लेखी देतो. पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्साचं पुढच्या वर्सी बघू, सर." तो उठला. "रतनबाईला मी म्हनलं हुतं, बुधवारी सांजच्याला सुटशील. आमचे सर हायेत, ते येऊन सांगतील, तू हातोडा टाकून मोकळी हो. तिनं मुकादमाला सांगून काल नाव कमी केलं. आज सकाळी पुन्हा नाव घालायला गेली तर म्हनत्यात जागा न्हाई, आसा तिचा निरोप आलाय. आता दुपारच्याला ती हितं यील, सर काल का न्हाई आले म्हनून इचारायला. तिला काय सांगू, तेवढं तुमी सांगा."

बाहेर बारा वाजल्याची घंटा झाली.